गाळलेलं अर्धं पान

काल रात्री चिऊला वाचून दाखवताना मी अर्धं पान गाळलं आणि तिने पकडलं. "आई, मधलं सोडलंस तू." झोप आता, उशीर झालाय म्हटलं. तेव्हापासून डोक्यात तेच.

पुस्तक आत्याने दिलेलं, 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी', लॉरा इंगल्स वाइल्डरने स्वतःच्या अमेरिकेतल्या लहानपणावर लिहिलेलं. कॅन्ससच्या माळावर ओंडके रचून बांधलेलं घर, लॉराच्या बाबांचं फिडल, मला जवळजवळ पाठ होतं सगळं. ओसेज लोक, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, पुस्तकात 'इंडियन', त्यात येतात तेच मुळी भीती घेऊन, न विचारता घरात शिरणारे, मक्याची भाकरी खाऊन गप निघून जाणारे. शेजारीण म्हणते मेलेला इंडियनच काय तो चांगला. ते वाक्य मी गिळलं. (चिऊचं मधेच, इंडियन म्हणजे आपण? ते उद्यावर ढकललंय.)

जमीन ओसेजांचीच होती, 1869 ते 1871 मध्ये इंगल्स कुटुंब तिथे राहिलं तेव्हा कायद्यानेही ओसेजांचीच, हे मला आत्ता चाळिशीत कळावं? 1935च्या पहिल्या आवृत्तीत तर होतं की तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन राहायचे. 1952मध्ये कुणीतरी पत्र लिहून हे दाखवलं, मग 'माणसं' काढून 'वसाहत करणारे' घातलं. एक शब्द बदलला, बाकी सगळं तसंच.

पण मला टोचतंय ते वेगळंच. शेवटी ओसेज माळ सोडून ओळीने निघतात आणि लॉरा टोपलीतलं काळ्याभोर डोळ्यांचं बाळ बघून हट्ट धरते, मला ते हवं. लहानपणी मीही तिच्याबरोबर रडले होते, बाळ मिळालं नाही म्हणून. टोपलीशेजारी घोड्यावर त्याची आई बसलीये, तसं लिहिलंय सरळ, आणि मी कितीदा वाचलं तरी तिच्याकडे पाहिलंच नाही. एकदाही नाही.

दुपारभर वाईट वाटत राहिलं, की माझं म्हणून एक पुस्तक होतं तेही आता गेलं. आत्याची सही आहे त्यावर, आता ती नाही... जाऊ दे.

आज गाळलेलं पान वाचलं, शेजारणीच्या वाक्यासकट. चिऊ म्हणाली, किती दुष्ट बाई. मग टोपलीपर्यंत गेलो. मी म्हटलं, ही बघ बाळाची आई.

"ते कुठे गेले सगळे?"

ओक्लाहोमाला, म्हटलं. नकाशात पॉहस्का दाखवलं, ओसेज नेशनची राजधानी.

"म्हणजे अजून आहेत?"

आहेत ना.