कणकुंबीकडच्या वाडीवर

आज चर्चच्या पोरांबरोबर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या अंगाला एका वाडीवर कपडे घेऊन गेलो होतो. मलप्रभेचा उगम याच भागातला. पावसाळ्यात ओढा भरला की वाडीची वाट बंद. शेवटचा टप्पा पोती डोक्यावर घेऊन चालत. फादरनी आधीच बजावलेलं, वाटताना फोटो नकोत. बरं झालं. एका चिमुरडीनं लाल स्वेटर घातला, बाह्या पार गुडघ्यापर्यंत, तरी काढेना. आजी म्हणाली, "असू दे की, पुढच्या वर्षी बसतंय!"

आणि मंडळी, देताना चेन, बटणं तरी बघत जावा. फाटक्या जीन्स कशाला भरता? निम्मं पोतं परत आणलं. पुढच्या खेपेला रेनकोट द्या, तिथं तेच पाहिजेत.