वहीत नसलेला माशीमार

पितृपंधरवड्याच्या सुमारास इंग्लंडहून भाच्याचे एक छायाचित्र आले. तो नोकरीनिमित्त नॉर्फोक परगण्यात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी ब्लेकनी पॉइंटवर, म्हणजे उत्तर समुद्रात लांबवर गेलेल्या वाळूगोट्यांच्या दांड्यावर, पक्षी पाहायला जातो. छायाचित्रात खाऱ्या जमिनीवरच्या खुरट्या झुडपांसमोर दहाबारा माणसे दुर्बिणी रोखून बसली होती. पक्षी त्यात कुठेच नव्हता. खाली मजकूर होता : ‘मामा, दोन तास बसलो, चार सेकंद दिसला. लाल छातीचा माशीमार!’

मला हसू आले, कारण हा माशीमार हिवाळाभर आमच्या घरामागच्या आंब्यावर असतो. चिमणीहूनही लहान, वजनाने जेमतेम दहा ग्रॅम, वरून तपकिरी, खालून मळकट पांढरा; नारिंगी गळा फक्त प्रौढ नराला. शेपटी सारखी वर उडवतो आणि तेव्हा तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके चमकतात. पुष्कळदा तो दिसण्याआधी ऐकू येतो. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला चावी देताना व्हावी तशी ती कोरडी खरखर एकदा ओळखीची झाली की विसरत नाही.

युरोपातले कीटकभक्षी छोटे गाणारे पक्षी थंडीपूर्वी बहुतांशी आफ्रिकेची वाट धरतात, हा मात्र पूर्व युरोपातल्या आणि उरल पर्वताकडच्या जंगलांतून आग्नेयेला वळतो आणि पाकिस्तान-भारतात येऊन हिवाळा काढतो. इंग्लंड त्याच्या वाटेवर नाहीच. ते नेमके उलट्या दिशेला आहे. तरीही दर शरदात थोडे माशीमार तिथे पोहोचतात. स्कँडिनेव्हियावर हवेचा जास्त दाब असताना पूर्वेकडून वारे सुटतात, रात्री उडणारे पक्षी त्यांच्यासोबत पश्चिमेला वाहवत जातात आणि किनाऱ्यावर पाऊस किंवा धुके असेल तर थकून पहिल्या झुडपात उतरतात. त्यांत बहुतेक त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले असतात. त्यांना वाट दाखवायला आईबाप सोबत नसतात. दिशा उपजतच मिळालेली असते, आणि काहींच्या बाबतीत ती दिशाच उलटी उमटत असावी, असेही एक मत आहे. मला वाऱ्याचे कारण अधिक पटते, पण सायबेरियाकडचे इतर काही पक्षीही त्याच किनाऱ्यावर दरवर्षी पोहोचतात, तेव्हा सगळा दोष वाऱ्याला देणेही कठीण आहे. फेअर आयल बेटावर १९४८ पासून आणि यॉर्कशायरच्या स्पर्न येथे १९४६ पासून पक्षी-निरीक्षण केंद्रे आहेत, आणि अशा चुकल्यामाकल्या पाहुण्यांची तिथे तारीखवार नोंद होते.

भाच्याचा पुढचा प्रश्न साधा होता : नाशिकला हा पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसतो? मी वह्या काढल्या. नांदूर मध्यमेश्वरच्या फेऱ्यांची पानेच्या पाने भरलेली होती. गोदावरी-कादवेच्या संगमावरची ही पाणथळ जागा २०२० मध्ये महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही तिथे जातो. रोहित किती, क्रौंच किती, भोवत्या कोणत्या मनोऱ्यावरून दिसला, सारे लिहिलेले. माशीमाराबद्दल मात्र एकाच शब्दाची नोंद पुन्हा पुन्हा : ‘नेहमीचा’. तिथल्याच चापडगावच्या बाभळींवर तो प्रत्येक हिवाळ्यात होता; कधी आला आणि कधी गेला, हे एकदाही लिहिलेले नव्हते. भाच्याकडे चार सेकंदांची तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा सगळे होते.

शिवाय दुसरी शंका निघाली. याच्यासारखाच दिसणारा तैगा माशीमार पूर्वी याचीच उपजात मानला जाई, आता ती वेगळी जात आहे. त्याच्या शेपटीच्या मुळावरची पिसे शेपटीहूनही काळीभोर असतात आणि चोच सगळीच काळी. लाल छातीच्या माशीमाराच्या चोचीचा खालचा भाग बुडाशी फिकट असतो आणि प्रौढ नराचा नारिंगी गळा हिवाळ्यातही टिकतो. तैगाच्या नराचा तो रंग हिवाळ्यात जातो. माझ्या ‘नेहमीच्या’ पक्ष्यांपैकी मी चोच किती जणांची पाहिली होती?

म्हणून ऑक्टोबर लागताच रोज पहाटे चहाचा पेला घेऊन आंब्याखाली बसू लागलो. पहिले कितीतरी दिवस शिंपी, सूर्यपक्षी आणि शेजारच्यांचे मांजर यांपलीकडे काही दिसले नाही. सौभाग्यवतींनी दुर्बीण शेजाऱ्यांच्या खिडकीकडे वळू देऊ नका, अशी ताकीद दिली, ती योग्यच होती. महिन्याच्या मध्यावर एका सकाळी खालच्या फांद्यांतून ती खरखर आली. पक्षी पानाआड होता. मग एका काटकीवर आला, हवेत झेप घेऊन काहीतरी टिपले, परत त्याच काटकीवर बसला आणि शेपटी उडवली. पाच मिनिटे तरी तो तिथेच होता.

वहीत लिहिले : सकाळी सात वाजून दहा मिनिटे. आंबा, खालची फांदी. एकटा. गळा पांढरट, नारिंगी नाही. चोचीचा खालचा भाग बुडाशी फिकट. वारा नाही.