१ मेची जोडून सुटी, मुंबई आणि घामाचं वेळापत्रक

मे महिन्यात मुंबई बघायला निघालो म्हटल्यावर शेजारपाजारच्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. पण शाळांना सुटी मेमध्येच, आणि यंदा १ मे शुक्रवारी आल्यामुळे तीन दिवस जोडून मिळाले. नाशिकहून आम्ही पाच जण गेलो : आम्ही दोघं, आठवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई. मुंबईत काय बघायचं याची यादी कुणीही देईल. कुठल्या वेळी काय बघायचं हे मात्र कुणी सांगत नाही, आणि उन्हाळ्यात सगळा खेळ तिथेच आहे.

नाशिकचा पारा या दिवसांत चाळिशीला टेकतो, मुंबईचा तेहतीस-चौतिसाच्या आसपास असतो. आकड्याला भुलू नका. नाशिकला सावलीत गेलं की बरं वाटतं. मुंबईत सावलीतही घाम वाळत नाही. म्हणून आमचा एकच नियम होता. सकाळी दहाच्या आत उघड्यावरचं, अकरा ते चार डोक्यावर छप्पर, पाचनंतर पुन्हा बाहेर. आणि एका दिवसात शहराचा एकच भाग. सकाळी गेटवे, दुपारी बोरिवली, संध्याकाळी जुहू असा बेत आखणारे लोक मुंबई बघत नाहीत, मुंबईच्या लोकलचे डबे बघतात.

मुक्काम दादरला केला आणि तो निर्णय मला आजही पटतो. नाशिकची पंचवटी एक्स्प्रेस दादरला थांबते, मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वे तिथे मिळतात, आता भुयारी मेट्रोही आहे, आणि पावलोपावली मराठी जेवण. नातेवाईक डोंबिवलीला असतील तर जरूर भेटा, पण फिरायचं दक्षिण मुंबईत असेल तर राहायला तिकडे नको. रोजचा येण्याजाण्याचा वेळ मुलांच्या अंगावर येतो. जोडून सुटीत पंचवटीचं आरक्षण शेवटच्या आठवड्यात मिळायची आशा धरू नका. पासवाल्यांच्या डब्यात चुकून चढलात तर काय होतं हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

पहिल्या दिवशी सामान टाकलं आणि गोखले रोडवरच्या ‘प्रकाश’मध्ये जाऊन साबुदाणा वडा आणि पियूष घेतलं. बाहेर थोडं ताटकळावं लागतं, टेबलही अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं. आईंनी समोरच्या बाईंशी पाच मिनिटांत ओळख काढली. मग सरळ खोलीवर जाऊन झोप. सुटीवर येऊन दुपारी झोपायचं म्हणून मुलांनी तोंडं वाकडी केली, पण संध्याकाळी तीच मुलं साडेनऊपर्यंत टिकली.

चारनंतर मेट्रोनं हुतात्मा चौक. ही आरे ते कफ परेड धावणारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली आहे आणि उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी ती वरदान आहे : थंडगार, जिने सरकते, गर्दी लोकलच्या मानानं काहीच नाही. आईंसारख्या गुडघेदुखीवाल्यांना लोकलच्या पुलांवरून चढउतार करायला लावू नका. दादरचं मेट्रो स्टेशन रेल्वे स्टेशनाला चिकटून नाही, थोडं चालावं लागतं, एवढं लक्षात ठेवा.

१ मेला हुतात्मा चौकात जाण्याला अर्थ आहे. सकाळी सरकारी मानवंदना असते, तेव्हा बंदोबस्त असतो. संध्याकाळी स्मारकावर फुलं तशीच असतात आणि जवळ जाऊन उभं राहता येतं. हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार कोण, हे मुलानं विचारलं. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला होता, हे आईंनी त्याला सांगितलं. शेजारचं फ्लोरा फाउंटन १८६४ चं. दोन्ही एकाच चौकात असल्यानं मुंबईचा इतिहास सांगायला वेगळ्या गाइडची गरज पडली नाही.

तिथून चालत ओव्हल मैदान. हे ठिकाण पर्यटकांच्या यादीत सहसा नसतं आणि आमच्या घरात सगळ्यांना हेच सगळ्यात आवडलं. एका बाजूला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, टोकदार कमानींचं काळपट दगडी काम. समोरच्या बाजूला १९३०च्या दशकातल्या गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण मुलांचं लक्ष मधल्या मैदानावर. सुटीच्या दिवशी तिथे इतके सामने एकाच वेळी चालू असतात की एकाचा मिडऑफ दुसऱ्याच्या स्लिपच्या मागे उभा असतो. भलताच चेंडू पायाशी आला तर खेळाडू तो न बघताच उचलून परत फेकतात, कुणाचा आहे हे विचारतही नाहीत, आणि तो बरोबर जागी जातो. आमचा मुलगा कुंपणाशी उभा राहून हे अर्धा तास बघत होता. मधून जाणारी पायवाट आहे, तिनं पलीकडे जा. मैदानात घुसू नका, चेंडू सीझनचे, म्हणजे कडक असतात.

मरीन ड्राइव्हला सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा, कठड्यावर जागा मिळते. त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती आणि समुद्रावर चंद्र बघू असं सगळे म्हणत होते. समुद्र पश्चिमेला, चंद्र पूर्वेला. तो मागच्या इमारतींच्या गच्च्यांवरून वर आला. मेमध्ये उंच लाटांची अपेक्षाही ठेवू नका, तो जून-जुलैचा कार्यक्रम. खाण्यासाठी गिरगाव चौपाटीपर्यंत चालत जायचं किंवा टॅक्सी करायची. रिक्षा शोधत बसू नका, वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा येतच नाही. काळी-पिवळी टॅक्सी मीटरनं नेते. एक-दोघांनी आम्हाला ठोक भाव सांगितला, आम्ही पुढच्या टॅक्सीकडे गेलो.

शनिवारी सकाळी मलबार हिल. तिथे महापालिकेनं झाडांच्या उंचीवरून जाणारा लाकडी मार्ग मार्च २०२५ मध्ये खुला केला आहे, ४८५ मीटर लांब. ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, माणशी २५ रुपये, पहाटे पाचपासून सुरू. सुटीतले सकाळचे स्लॉट आधीच भरतात, तेव्हा गाडीच्या तिकिटाबरोबरच हेही काढा. सातच्या वेळेला तिथे खरोखर गार होतं. एका ठिकाणी पायाखाली काच आहे. त्यावर उभं राहायला मुलगी तयार, वडील नाहीत. बाहेर पडून कमला नेहरू पार्कमधला म्हातारीचा बूट बघितला. आईंनी तो माझ्या नवऱ्याला लहानपणी दाखवला होता, त्यामुळे फोटो सक्तीचा. खरं सांगायचं तर बूट पाच मिनिटांचा आहे, पण तिथून दिसणारी चौपाटीची कमान सुंदर. तिथून टॅक्सीनं बाणगंगा. पायऱ्यांवर शांत बसावं, तलावातल्या बदकांना खाऊ घालू नये, देवळांत जायचं असेल तर चपला सुटसुटीत असाव्यात.

साडेदहाला ऊन टोचायला लागलं तेव्हा धोबी तलावच्या ‘कयानी’त शिरलो. १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. बनमस्का, चहा, मावा केक. मग छपराखालचा मोठा टप्पा, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. काही संस्था १ मेला बंद असतात, त्यामुळे संग्रहालय मुद्दाम शनिवारी ठेवलं होतं. तुम्हीही सरकारी सुटीच्या दिवशी कुठलंही संग्रहालय धरायचं तर आधी फोन करा. इथे नाशिककरांसाठी एक खास गोष्ट आहे. मधल्या घुमटाखाली उभं राहून वर बघा : कोरीव लाकडी खांब आणि कठडे दिसतील. ते नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून विकत घेऊन वास्तुविशारद जॉर्ज विटेटच्या या इमारतीत बसवलेले आहेत. आपल्याकडचे वाडे पडतात तेव्हा लाकूड कुठे जातं ते आपण बघतोच, त्यामुळे आम्ही बराच वेळ मान वर करून उभे होतो. आईंनी लगेच खांबाच्या नक्षीची आपल्या माहेरच्या वाड्याशी तुलना केली आणि माहेरला अर्थातच जास्त गुण दिले.

सगळी दालनं बघायचा हट्ट धरू नका. मीरपूरखासच्या स्तूपावरच्या मातीच्या मूर्ती, लघुचित्रं, आणि मुलांसाठी पेंढा भरलेल्या प्राण्यांचं दालन एवढं नीट बघितलं तरी तीन तास जातात. बसायला बाकं आहेत, आवारात खायची सोय आहे. मुलं आठ वर्षांच्या आतली असतील आणि मूर्तींना कंटाळत असतील तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र जास्त बरं. तिथे हात लावू नका असं कुणी म्हणत नाही. राणीची बाग आम्ही सोडली. तिथले पेंग्विन वातानुकूलित, पण त्यांच्यापर्यंतचा रस्ता उन्हातला. ती बुधवारी बंद असते, हेही जाता जाता.

संध्याकाळी क्रॉफर्ड मार्केट, म्हणजेच महात्मा फुले मंडई. आंब्याच्या दिवसांत आत नुसता वास घ्यायलाही जावं. भाव मात्र पहिल्या दुकानात ठरवू नये. पेटीवर देवगड लिहिलं म्हणजे आत देवगडच असतो असं नाही. वरचा थर सुरेख आणि खालचा जेमतेम हा प्रकार चालतो. पेटी उलटून दाखवायला सांगा, नाही म्हणाला तर पुढे चला.

रविवार घारापुरीचा, म्हणजे एलिफंटा लेण्यांचा. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून जोडून सुटी शनि-रवि-सोम अशी आली तर ते शेवटच्या दिवसावर ढकलू नका. आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, कुठल्या मार्गावर ते शनिवारी रात्री बघून ठेवायचं. आम्ही सरळ टॅक्सीनं गेटवे गाठला आणि नऊच्या सुमाराची पहिली बोट धरली. साधारण तासाचा प्रवास. वरच्या डेकवर बसायचे थोडे पैसे वेगळे घेतात. जाताना द्या, येताना दुपारच्या उन्हात फुकट दिलं तरी नको. लाइफ जॅकेट घामट असतं, तरी सगळ्यांनी घालायचं, यावर घरात चर्चा नाही.

धक्क्यापासून छोटी रेल्वे पायथ्यापर्यंत नेते. पुढे शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्र्या, त्यामुळे ऊन लागत नाही. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीच्या खुर्च्या आहेत. आईंनी चार माणसांच्या खांद्यावर जायला साफ नकार दिला, ‘अजून वेळ आहे त्याला’ म्हणाल्या आणि थांबत थांबत चढल्या. माकडं बाटल्या हिसकावतात; हातात काही खायचं-प्यायचं दिसता कामा नये. तिकीट ४० रुपये, पंधरा वर्षांच्या आतल्यांना नाही.

लेण्यात शिरल्यावर लगेच फोटो काढू नका. डोळे अंधाराला सरावले की समोरचा सदाशिव हळूहळू दिसायला लागतो, वीसेक फूट उंच. मुलांना तीन तोंडं मोजायला लावण्यापेक्षा हात बघायला सांगा. डावीकडच्या उग्र चेहऱ्याला मिशी आहे आणि हातात नाग. उजवीकडच्या सौम्य चेहऱ्याच्या हातात कमळ, केसांच्या बटा मण्यांसारख्या. मधला चेहरा डोळे मिटून या दोघांपासून अलिप्त. मुलीनं हे सगळं स्वतः शोधलं आणि मग शेजारच्या अर्धनारीश्वरात डावा-उजवा भाग कसा वेगळा आहे ते भावाला शिकवायला लागली. बाकीचे लोक सेल्फी काढून दहा मिनिटांत बाहेर पडत होते. साडेदहाला आत आमच्यासारखे मोजकेच उरले. अकराच्या पुढे बोटींमागून बोटी येतात आणि मग आवाज घुमतो.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी या बेटाला एलिफंटा म्हटलं, तो तिथे शोधू नका. तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

एकच्या आसपासची परतीची बोट धरली तर संध्याकाळची पंचवटी आरामात मिळते. ती सीएसएमटीहून सव्वासहाला सुटते. साडेतीन-चारनंतर गेटवेला उतरणाऱ्यांची आणि फिरायला येणाऱ्यांची गर्दी एकत्र होते, टॅक्सी मिळायला वेळ लागतो, तेव्हा फार ताणू नका. सामान सकाळीच हॉटेल सोडताना सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाकायचं असेल तर बॅगांना कुलूप हवं, त्याशिवाय घेत नाहीत. जास्तीचे दोन सुती शर्ट वरच्या कप्प्यात ठेवा. गाडीत बसायच्या आधी स्टेशनवरच बदलता येतात.