इम्प्लांटला यूव्ही: कोपऱ्यातली निळी पेटी त्या कामाची नाही

लातूर, परभणी, जालना, कुठल्याही डेंटल क्लिनिकमध्ये जा, कोपऱ्यात निळसर उजेडाची यूव्ही (अतिनील किरणांची) पेटी दिसते. ऑटोक्लेव्हमधून (वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्रातून) काढलेली अवजारं तिच्यात ठेवतात. ‘यूव्ही दिला की इम्प्लांटला, म्हणजे जबड्यात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूला, हाड लवकर धरतं’ हे कानावर पडलं की पहिला विचार हाच येतो: पेटी आहेच, दहा मिनिटं ठेवू तिच्यात. तसं चालत नाही.

टायटॅनियमचा पृष्ठभाग ताजा असताना पाणी ओढून घेतो. अॅसिडने खरवडून नुकत्याच निघालेल्या पृष्ठभागावर थेंब टाकला की तो पसरून जातो, कॉन्टॅक्ट अँगल (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) जवळपास शून्य. नंतर हवेतले हायड्रोकार्बन (कार्बनयुक्त संयुगं) त्यावर चढत राहतात. चार आठवड्यांत हाच कोन ६० अंशांच्या पुढे जातो आणि तेलकट परातीवरच्या पाण्यासारखा थेंब गोळा होऊन बसतो. निर्जंतुक पाकिटाने हे थांबत नाही. एक्स्पायरी डेट निर्जंतुकतेची असते, पृष्ठभागाच्या ताजेपणाची नव्हे. सलाइनमध्ये बुडवून सीलबंद येणारे इम्प्लांट निघाले ते याचसाठी.

यूव्ही नवं काही लावत नाही. चढलेला कार्बन तोडून उडवतो, शिवाय ऑक्साइडच्या थराचा विद्युतभार ऋणाचा धन करतो, म्हणून प्रथिनं आणि पेशी थेट चिकटतात. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठात ताकाहिरो ओगावा यांच्या गटाने २००९ साली उंदरांवर हे दाखवलं: चार आठवड्यांनी इम्प्लांटच्या पृष्ठभागाला हाडाचा स्पर्श ५५ टक्क्यांवरून ९८ टक्क्यांपर्यंत गेला. पण तिथे प्रकाश ४८ तास दिला होता. पुढे आलेल्या खास यंत्रांनी ती वेळ १५ मिनिटांच्या आसपास आणली, आणि १७२ नॅनोमीटरच्या व्हॅक्यूम यूव्हीने तर मिनिटावर.

आता पेटीकडे. तिच्या २५४ नॅनोमीटरच्या ट्यूबची तीव्रता इतकी कमी की दहा मिनिटांत कार्बन निघणार नाही. साधी काच आणि बहुतेक प्लास्टिक हे किरण अडवतात, म्हणजे इम्प्लांट कुपीत ठेवून काहीच होत नाही. कुपीबाहेर आडवा ठेवला तर आट्यांची खालची बाजू सावलीत राहते. ट्यूब जुनी झाली की निळा उजेड तसाच दिसतो, यूव्ही मात्र घटलेला असतो. डोळ्यांना फरक कळत नाही. पेटी निर्जंतुकही नसते, ही आणखी एक अडचण.

खास यंत्र असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी ड्रिलिंग पूर्ण करा, भरपूर थंड सलाइन चालू ठेवून, कारण हाड ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी मरतं आणि मेलेल्या हाडापुढे यूव्ही निरुपयोगी. ड्रिलिंग संपत येताना सहायकाने पाकीट उघडून इम्प्लांट निर्जंतुक होल्डरवर उभा लावावा. प्लास्टिकचा कॅरिअर असेल तर आधी काढावा. ट्रीटमेंट संपली की लगेच बसवायचा. ट्रेमध्ये पडून राहिला की कार्बन पुन्हा चढायला लागतो. आट्यांना ग्लोव्ह लावू नका. धरायचा तो ड्रायव्हरनेच. गाल, जीभ, थुंकी यांचा स्पर्श झाला की केलेली मेहनत तिथेच गेली. काम नीट झालं असेल तर टोक रक्ताला टेकताच रक्त आट्यांमधून आपोआप वर चढतं. आणि खाली पडलेला इम्प्लांट यूव्हीने शुद्ध होत नाही, तो टाकूनच द्यायचा.

आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते ती बरोबर मध्येच. यंत्र इन्व्हर्टरवर घ्या. सायकल अर्धवट तुटली तर पहिल्यापासून चालवा.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. चांगल्या हाडात यूव्ही न देताही ९५ टक्क्यांच्या वर इम्प्लांट टिकतात, त्यामुळे माणसांत फरक दिसला तर तो मुख्यतः वेगात दिसतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्थिरता जी खाली उतरते, ती कमी उतरावी हा हेतू. म्हणून बसवताना आणि पुढच्या भेटींत आयएसक्यू (इम्प्लांट किती स्थिर आहे ते सांगणारा आकडा) मोजा, तो वाढत असेल तरच लोड, म्हणजे वर दात बसवून चावण्याचा भार, लवकर द्या. साखर आटोक्यात नसलेल्या किंवा गुटखा न सोडलेल्या पेशंटला ‘यूव्ही दिलाय’ म्हणून महिनाभर आधी दात बसवून देऊ नका. तिथे नेहमीचे तीन-चार महिने थांबायचं.