‘पॉझिटिव्ह राह’ म्हटल्याने भागत नाही

आज नागपुरात अंबाझरी तलावाच्या काठावर कॉलेजच्या पोरांचं बोलणं कानावर पडलं: “अबे, ओव्हरथिंकिंग करू नको, पॉझिटिव्ह राह ना!” सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलणाऱ्या मानसोपचार पद्धतीची, भाषा रस्त्यावर आली याचा आनंदच आहे, पण गाभा मागे राहिला. अ‍ॅरन बेक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात मांडलेल्या या पद्धतीत विचार गोड करायचा नसतो, पुराव्यावर तपासायचा असतो.

वहीत प्रसंग लिहा, मग मनात आलेलं वाक्य, मग भावना किती तीव्र आहे त्याला ० ते १०० गुण. चूक इथेच होते. विचाराच्या रकान्यात लोक ‘टेन्शन आलं’ लिहितात. ती भावना झाली. ‘नंबर लागेल का?’ हेही नको, प्रश्नाचा पुरावा कसा शोधणार? ‘नंबर लागणारच नाही’ असं विधान करा. त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे मांडून स्वतःला पटेल असं वाक्य काढा. ‘सगळं मस्त होईल’ मनाला पटत नाही, गुण हलत नाहीत. ‘दोन धडे कच्चे आहेत, बाकीचे येतात’ हे पटतं. मग भावनेला पुन्हा गुण द्या, ८० चे ५५ झाले तरी खूप.

झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर वहीवर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.