बारा जण आणि माझा अठ्ठेचाळीस गुणांचा निबंध

मी दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हा माझ्याकडे नवीन आलेले बारा विद्यार्थी सोपवण्यात आले. पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत त्यांना दर आठवड्याला भेटायचं, अडलंनडलं बघायचं, एवढंच काम. मी तयारीनिशी गेले. ग्रंथालय कुठे, ओळखपत्र कधी मिळतं, क्लब कोणकोणते, सगळं सांगितलं. वर शेवटी "आयुष्यातली सगळ्यात भारी वर्षं आहेत ही!" असंही ठोकून दिलं.

चौथ्या आठवड्यात बारातले पाच जण आले. एक मुलगी तर लेक्चरलाही दिसेनाशी झाली होती. तिला खोलीवर जाऊन गाठलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्यावर म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणालात ती मजा सगळ्यांना येतेय. मलाच येत नाहीये. माझं इथे येणंच चुकलं बहुतेक."

त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्षभरापूर्वी मीही हेच म्हणत होते, फक्त मनातल्या मनात. तरी या बारा जणांसमोर मी जाहिरातीतल्या बाईसारखी हसून आले होते.

माझा विषय मानसशास्त्र, त्यामुळे शोधायचं कुठे ते माहीत होतं. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचा एक प्रयोग 2011 मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आला आहे. त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना सिनियरांचे अनुभव वाचायला दिले. सूर असा, की सुरुवातीला आपण इथले नाही असं बहुतेकांना वाटतं आणि ते हळूहळू सरतं. सगळा कार्यक्रम तासाभराचा. पण त्यात भाग घेतलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले. गोऱ्या विद्यार्थ्यांमध्ये मात्र फारसा फरक दिसला नाही, म्हणजे ही काही सगळ्यांना लागू पडणारी गोळी नव्हे. तरी मला त्यातून एक कळलं: मी त्यांना इमारतींची माहिती दिली होती, पडझडीची नाही.

पुढच्या भेटीला मी माझा पहिल्या सेमिस्टरचा निबंध घेऊन गेले. शंभरपैकी 48. समासात सरांची लाल शाईतली ओळ: "वर्णन छान. तुमचं म्हणणं काय?" शाळेत कायम पहिल्या तिघांत असलेल्या मुलीला ती ओळ कशी झोंबली असेल, सांगायला नको. मी तो कागद वर्गात फिरवला. आधी सगळे गप्प. मग एकाने हळूच विचारलं, "तुम्ही रडलात?" रडले होते की! दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सरांकडे गेले तेव्हा कळलं, की शाळेत पुस्तकातलं नीट मांडलं की गुण पडायचे. इथे मात्र पुस्तकातलं मांडून झाल्यावर प्रश्न सुरू होतो. हे कुणी आधी सांगितलं असतं तरी माझा निबंध फार सुधारला नसता बहुधा, पण दोन दिवस वाचले असते.

मग वेळापत्रकाकडे वळलो. त्यांच्या वेळापत्रकात आठवड्याला 14 तास लेक्चर होतं, आणि उरलेला वेळ मोकळा असाच सगळ्यांचा समज. मी क्रेडिटचा हिशेब मांडला. युरोपातल्या पद्धतीत पूर्ण वर्षाला 60 क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम धरतात. म्हणजे वर्षाला 1500 ते 1800 तास. चाळीस आठवडे धरले तर आठवड्याला 38 ते 45. आमच्याकडचे आकडे थोडे वेगळे आहेत, पण मुद्दा तोच: लेक्चर हा कामाचा छोटा तुकडा, बाकीचं कुणी घंटा वाजवून करून घेत नाही. फळ्यावर 14 च्या खाली 40 लिहिल्यावर मागच्या बाकावरून "अरे देवा" ऐकू आलं.

वेळेच्या अंदाजाचंही तेच. ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, कधी संपेल? सरासरी उत्तर 34 दिवस. लागले 55. (हे सांगताना माझं स्वतःचं एक सबमिशन दोन दिवस रखडलेलं होतं. ते मी सांगितलं नाही.)

त्या मुलीला मात्र वेगळ्याच आकड्याने धरलं. जेफ्री हॉल यांच्या 2018 मधल्या अभ्यासानुसार, नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे 50 तास एकत्र घालवावे लागतात, जिवलग मैत्रीला 200 च्या वर. ती बोटांवर मोजत बसली आणि म्हणाली, "मी इथे कुणाशी सलग दोन तासही बोललेले नाही." आपल्यात काहीतरी कमी आहे असं ती महिनाभर धरून चालली होती, कमी होते ते तास. पुढच्या आठवड्यापासून प्रॅक्टिकलचे रिपोर्ट ती खोलीत एकटी न लिहिता शेजारच्या बाकावरच्या दोघींबरोबर ग्रंथालयात लिहू लागली. लगेच जादू वगैरे झाली नाही. डिसेंबरपर्यंत ती मला भेटल्यावर त्या दोघींच्या तक्रारी सांगायला लागली, तेव्हा मी समजले.

सगळे रुळले असं नाही. एक मुलगा सेमिस्टर संपताच सोडून गेला. त्याला विषयच नको होता, दुसऱ्या कुणाच्या हौसेने आला होता. त्याला थांबवायचा मी फार प्रयत्न केला. आता वाटतं, तो माझ्यापेक्षा शहाणा होता. अपेक्षा वास्तवाला धरून झाल्या की काही जणांना राहायचं बळ मिळतं, काहींना जायचं. हे दुसरं कुठल्याच माहितीपत्रकात नसतं.

यंदा तीच मुलगी नव्या बारा जणांची सिनियर झाली आहे. मागच्या आठवड्यात आली आणि तो 48 गुणांचा निबंध मागू लागली. मी म्हटलं, "तुझा स्वतःचा दाखव ना." तर म्हणते, "माझे 61 आहेत ताई, त्याने काम होणार नाही." मी तिला झेरॉक्स दिली. मूळ कागद देत नाही कुणाला.