अप्पांची बीपीची गोळी, काकांची भट्टी आणि माझी ढवळणी

मंडळी, लई दिवस झाले इथं काही लिहून. एक तर लॅबमध्ये आठ महिने जे चाललं होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि मधे तीन आठवडे सुट्टी टाकून घरी अनगोळला जाऊन आलो. जर्मनीत रुहर नदीच्या भागात राहून आता चार वर्षं झाली, तरी बेळगावात पाय ठेवला की पहिल्या दिवशी पहिला प्रश्न तोच, "तू तिकडं नक्की काय करूलालास?" पूर्वी मी सरळ 'केमिस्ट आहे' म्हणायचो, पण आपल्याकडं केमिस्ट म्हणजे मेडिकल दुकानवाला. आत्यानं दोन वर्षं अख्ख्या गल्लीला सांगितलं की पोराचं जर्मनीत मेडिकल आहे आणि चांगलं चालतंय.

तर या वेळी ठरवलं, नीट सांगायचं. माझा विषय ऑरगॅनोमेटॅलिक कॅटॅलिसिस, म्हणजे जिथं धातूचा अणू थेट कार्बनला चिकटतो अशी संयुगं, आणि ती वापरून एरवी होणार नाहीत किंवा फार हळू होतील अशा रिॲक्शन करून घ्यायच्या. धातू चिमूटभर लागतो आणि काम झाल्यावर सुटून परत पुढच्याला भिडतो. हे मी आईला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "म्हणजे विरजणच की." नाही ना, विरजण दह्यात राहतं आणि वाढतं. कॅटॅलिस्ट वाढत नाही, उलट मरतो, आमचं सगळं आयुष्य तो का मेला ते शोधण्यात जातं.

त्या दिवशी पाणी येणार होतं, म्हणून काका परसात निळा ड्रम घासत होते. मी म्हटलं काका, हा ड्रम ज्या प्लास्टिकचा आहे ते मी राहतो तिथनं जवळच जन्मलं. म्यूलहाइम नावाचं गाव आहे, तिथल्या कोळसा संशोधन संस्थेत कार्ल झिगलर होता. त्याची माणसं ॲल्युमिनियमच्या संयुगावर इथिलीन वायू सोडून लांब साखळ्या करत होती, आणि एकदा साखळी वाढेचना, दोन इथिलीन जोडले की गाडी तिथंच बंद, नुसता ब्युटीन. शोधून शोधून कळलं की स्टीलच्या भांड्यातनं निकेलचा बारीकसा अंश आत गेला होता. दुसरा कुणी असता तर भांडं घासून विषय संपवला असता. यांनी उलटा विचार केला, निकेल जर साखळी तोडतो तर दुसरा कुठला धातू काय करेल? एकेक धातू टाकून बघत गेले आणि १९५३ मध्ये टायटॅनियमपाशी येऊन थांबले. त्याआधी पॉलिथिन, म्हणजे इथिलीनच्या लांब साखळ्यांचं प्लास्टिक, करायला हजार वातावरणांपेक्षा जास्त दाब लागायचा, यांनी ते साध्या दाबाला, फळं टिकवायच्या काचेच्या बरणीत करून दाखवलं. म्हणजे आपल्याकडं लोणचं घालतात तसली बरणी! १९६३ चं नोबेल झिगलर आणि इटलीच्या नाट्टाला मिळून गेलं, आणि पेटंटच्या पैशावर ती संस्था पुढं कित्येक वर्षं चालली. काकांनी ड्रम उलटा करून बुड बघितलं, जणू तिथं झिगलरची सही असणार.

काका उद्यमबागच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं होते, लेडलवर, म्हणजे वितळलेला धातू ओतायच्या भांड्यावर. त्यामुळं खरं सांगायचं तर घरात माझं काम समजणारा हा एकच माणूस निघाला. एसजी आयर्न, म्हणजे एक चिवट ओतीव लोखंड, ओतताना मॅग्नेशियम घालतात, त्यानं लोखंडातलं ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या जागी गोळ्यांसारखं होतं, आणि क्रँकशाफ्ट तुटत नाही. काका म्हणाले, मॅग्नेशियम टाकलं की पळायचं बघ, दहा मिनिटांत ओतलं नाही तर त्याचा जोर जातो, आणि धातूत गंधक असलं की ते आधी मॅग्नेशियमच खाऊन टाकतं. मी उडालोच, कारण आमच्याकडंही गंधक म्हणजे विष, तोच शब्द, कॅटॅलिस्ट पॉयझन. पॅलेडियम नावाच्या आमच्या धातूला गंधक चिकटलं की तो दुसऱ्या कशाला हात लावत नाही. फरक एवढाच की काकांचं मॅग्नेशियम ओतकामात राहतं आणि आमच्याकडचा पॅलेडियम बाहेर यावा लागतो.

तो बाहेर का यावा लागतो हे रात्री जेवताना निघालं. अप्पा बीपीची गोळी घेत होते, लोसार्टन, ५० मिलिग्रॅम. या रेणूच्या पोटात बेंझिनच्या दोन कड्या एकमेकींना थेट जोडलेल्या आहेत आणि अशा कड्या जोडणं पूर्वी डोकेदुखी होती. जपानच्या होक्काइदो विद्यापीठात अकिरा सुझुकी आणि नोरिओ मियाउरा यांनी १९७९ मध्ये रस्ता दाखवला. एका कडीवर ब्रोमिन ठेवा, दुसरीवर बोरॉन, मधे पॅलेडियम. तो पहिलीचा ब्रोमिन सोडवून तिला धरतो, दुसरी बोरॉनकडून घेतो, दोघींना एकत्र बांधतो आणि स्वतः मोकळा. मर्कच्या केमिस्टनी १९९४ मध्ये लोसार्टनची जी कृती छापली तिच्यात हीच जोडणी आहे. सगळ्याच कंपन्या तोच रस्ता घेतात असं नाही, पण औषधांच्या जगात ही रिॲक्शन आता फोडणीतल्या मोहरीसारखी झाली आहे. २०१० चं नोबेल हेक, नेगिशी आणि सुझुकी तिघांना मिळालं, आणि सुझुकींनी या पद्धतीचं पेटंटच काढलं नव्हतं. अप्पांना हे फार लागलं, "एवढं करून पेटंट नाही? येडाच म्हणायचा." आईचा प्रश्न जास्त कामाचा होता, तो धातू गोळीत राहतो काय? तर राहू द्यायचा नाही, पोटात घ्यायच्या औषधातनं दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या आत, असा नियम आहे.

मग अप्पांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. "आणि तुझं काम किती लोकांनी वापरलं?"

आता याला आमच्यात सायटेशन म्हणतात, ते कसं सांगू? शेवटी आहेराची वही आठवली. आपल्या घरात अजून आहे, ताईच्या लग्नातली, कुणी किती घातलं ते लिहिलेली, आणि त्यांच्या कार्याला जाताना आई ती उघडून बघते. सायटेशन तसंच असतं. कुणी माझ्या पेपरचा, म्हणजे शोधनिबंधाचा, आधार घेतला की शेवटी माझं नाव लिहितो, मोजणारे मोजतात, आणि नोकरी देणारे तो आकडा बघतात. हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं २००५ मध्ये एच-इंडेक्स काढला. सहा पेपरना प्रत्येकी निदान सहा सायटेशन असली, पण सात पेपरना सात नसली, तर एच सहा. माझा सहाच आहे. सुझुकी-मियाउरांच्या १९९५ च्या एकट्या आढावा लेखाला दहा हजारांहून जास्त आहेत. अप्पांनी मान हलवली, म्हणजे शेजाऱ्याच्या पोराचे मार्क ऐकून हलवायचे तशी.

पण यातली गंमत अशी की ग्रिन्यार्ड, ज्यानं मॅग्नेशियम कार्बनला जोडून १९१२ चं नोबेल घेतलं, त्याची रिॲक्शन रोज कुठल्यातरी लॅबमध्ये होते आणि त्याच्या मूळ पेपरचा उल्लेख आता जवळजवळ कुणी करत नाही. आईला हे लगेच पटलं. "घरच्या माणसाचा आहेर कोण वहीत लिहितंय?"

तर माझे ते आठ महिने. मी निकेलवर काम करतो कारण पॅलेडियम भयंकर महाग. एक जोडणी फक्त निकेलवर सुंदर चालायला लागली, पंच्याऐंशी टक्के माल हातात, मी हवेत. पेपर लिहून झाला. मग शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं तीच कृती केली तर शून्य. परत केली, शून्य. मी केली की चालते! तीन महिने आम्ही निकेल बदलला, सॉल्व्हंट बदलला, माझी झोप गेली. शेवटी सापडली ती ढवळणी. आमच्याकडं फ्लास्कमध्ये औषधाच्या कॅप्सूलएवढा पांढरा, टेफ्लॉन चढवलेला लोहचुंबक टाकतात, तो खालच्या मशीनवर गरगर फिरतो. माझ्या लाडक्या ढवळणीवर नखाच्या ओरखड्याएवढी एक चीर होती, चिरेत काळपट रेघ, भिंगातनं दिसणारी. ती जुनी पॅलेडियमची. धुऊन जात नाही ती. नवी ढवळणी टाकली आणि माझा शोध संपला.

आणि हे मला माहीत असायला हवं होतं, याचाच जास्त राग आला. २००३ मध्ये एका गटानं छापलं होतं की सुझुकी जोडणी धातूशिवाय होते, दोन वर्षांनी त्यांनीच परत तपासलं तर पॅलेडियम सापडला सोडियम कार्बोनेटमध्ये, म्हणजे धुण्याच्या सोड्यात. ५० पीपीबी, म्हणजे अब्जात पन्नास भाग. काकांना हिशोब करून सांगितला, एक टन सोड्यात ५० मिलिग्रॅम, अप्पांच्या गोळीत औषध असतं तेवढंच. आणि तेवढ्यानं काम होतं.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, त्या झिगलरच्या भांड्यात पण घाणच होती न्हवं? मी म्हटलं होय, पण त्याला घाणीत पॉलिथिन मिळालं, मला चिरेत फक्त दुसऱ्याचं नोबेल मिळालं. यावर ते इतके हसले की हातातनं पाण्याची पाइप सुटली आणि ड्रमऐवजी आईच्या पापडांवर पाणी. मग आमच्या दोघांचा उद्धार झाला तो वेगळा.

परत येताना पिशवीत कुंदा, मेतकूट आणि ओले झालेले पण पुन्हा वाळवलेले थोडे पापड. ढवळणीची गोष्ट आम्ही चार पानांत लिहून पाठवली आणि ती छापून आली. आत्तापर्यंत तिला तीन सायटेशन आलीत, त्यातलं एक माझंच. दर रविवारी फोनवर अप्पा हवा विचारतात, आई जेवण, आणि मागनं काकांचा आवाज येतो, "ढवळणी बदललास काय रे?"